सारखे ऐकू येते म्हणून सोयरे होत नाही

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. जुन्या वस्तीभोवती तट आहे, खंदकाच्या खुणा आहेत, आणि रेशीमकाठी लुगडी विणणाऱ्या कोष्ट्यांचे गाव म्हणून तिची जुनी ख्याती आहे. सरकारी कागदात कुठे ‘पवनी’ लिहिले जाते, कुठे ‘पौनी’. बाहेरून आलेल्या माणसाला या नावाची कथा ऐकावीच लागते. पवन नावाचा राजा होता. त्याच्याकडे परीस होता. तो रयतेकडून पैशात सारा घेत नसे, नांगराचे फाळ घेई आणि परिसाने त्यांचे सोने करी. पवनी, पवनार आणि पोहना ही तिन्ही नावे त्याच राजाशी जोडली जातात. कथेच्या शेवटी वर्धा जिल्ह्यातल्या गिरडचे अवलिया ख्वाजा शेख फरीद येतात आणि त्यांच्यापुढे राजाचे काही चालत नाही.

कथा म्हणून ती आम्हाला आवडते. ती सांगणाऱ्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि गिरडच्या टेकडीवर दोघेही जातात. पण हीच कथा इतिहास म्हणून, किंवा गावनावाची व्युत्पत्ती म्हणून समोर ठेवली जाते तेव्हा आमचे पाऊल अडते. मग कोणी म्हणतो, पाहा, गाव राजाचे होते, तुमच्या पिराने घेतले. दुसरा म्हणतो, आमच्या पिराने तुमच्या राजाला हरवले. परिसाची गंमत बाजूला राहते आणि गावाच्या नावावरून दोन मोहल्ले एकमेकांकडे बघू लागतात. हे सगळे का, तर पवनी आणि पवन हे शब्द सारखे ऐकू येतात म्हणून.

या सारखे ऐकू येण्यावरच आम्हाला लिहायचे आहे. आपल्या विशेषांकांतून, स्मरणिकांतून, जमातींच्या मेळाव्यांत वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांतून आडनावांची आणि शब्दांची मुळे सांगणारे लेखन बरेच येते. ते लोकांना आवडते, कारण प्रत्येकाला आपले नाव कुठून आले हे जाणून घ्यायचे असते. त्या लेखनाची चिकित्सा मात्र फारशी होत नाही.

पवनीपासूनच सुरुवात करू. पवनारचे नाव वाकाटकांच्या प्रवरपुरावरून आले असावे असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी प्रवरपूर मनसरलाच होते असे म्हटले. हा वाद विद्वानांचा आहे. आमच्या कामाची गोष्ट एवढीच की मिराशींचे खरे धरले तर पवनारच्या नावात पवनही उरत नाही आणि राजाही उरत नाही. मग पवनार आणि पवनी ही दोन नावे आज बहिणी-बहिणींसारखी वाटली तरी त्यांचे माहेर एक असेलच असे नाही. उच्चार ‘पौनी’ असा केला, तर मराठी माणसाला पाऊण आठवते, आणि ‘पाऊण’ हा शब्द तर संस्कृत ‘पादोन’, म्हणजे पावाने उणे, यापासून आलेला. आता कोणी पवनी म्हणजे पाऊण गाव असे म्हटले तर आपण हसू. पण पवनराजाला हसत नाही, कारण तिथे कथा गोड आहे. व्युत्पत्तीत गोडी हा पुरावा नसतो.

पवनीच्या मातीने या बाबतीत आणखी दोन धडे दिले आहेत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि तिथे प्राचीन बौद्ध स्तूप उघड झाला. त्याच्या शिल्पांत बुद्धावर फणा धरणाऱ्या नागाचे नाव कोरलेले आहे. पाली ग्रंथांत तो मुचलिंद आहे, पवनीच्या दगडावर मात्र ‘ल’च्या जागी ‘र’ आहे. दोन हजार वर्षांमागे इथला माणूस तो शब्द कसा उच्चारीत होता हे दगडाने जपून ठेवले. शब्द बदलतात ते असे, आणि बदलाचा पुरावा असतो तो असा.

दुसरा धडा अधिक बोलका आहे. पवनीला एका शिलास्तंभावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव सापडले. कानावर भरवसा ठेवणारा माणूस म्हणेल, रूपी अम्मा, म्हणजे दक्षिणेकडची कोणी राणी. पण हा पुरुष आहे, कुमार आहे, आणि क्षत्रप ही पदवी शकांच्या राजवटीतली, इराणी मुळाची. ‘अम्म’ ऐकून आई आठवली, तर एक अख्खा राजा हरवतो आणि त्याच्याबरोबर इतिहासाचे एक पानही.

आता आडनावांकडे वळू. ‘शहा’ हे आडनाव घ्या. गुजराती वाणी-जैन घरांत ते आहे आणि आपल्या फकीर-दरवेशांच्या घरांतही आहे. ऐकायला एकच. पण वाण्याचा शहा संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’ या वाटेने आला. तोच शब्द सावकाराच्या ‘साव’मध्येही आहे. फकिराचा शाह फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ बादशहा. ज्याच्या झोळीत काही नाही त्याला बादशहा म्हणण्याची ही सूफींची रीत. दोन शहा शेजारी राहू शकतात, पण त्यांचे शब्द कधी एका घरात राहिलेले नाहीत.

‘पठाण’, ‘पैठण’ आणि ‘पाटण’ यांचेही तसेच. पठाण हा पश्तो बोलणाऱ्यांनी स्वतःला दिलेल्या नावाचा हिंदुस्थानी उच्चार. पैठण म्हणजे प्रतिष्ठान. पाटण म्हणजे पट्टण, शहर. ‘मुल्ला’ आणि ‘मुलाणी’ यांचे मूळ अरबी ‘मौला’त आहे. मराठीतल्या मुलाशी किंवा मुळाशी त्यांचा संबंध नाही. ‘जमादार’ आणि ‘जमीनदार’ एका पंक्तीत बसल्यासारखे वाटतात. पहिल्यात अरबी ‘जमा’ आहे, दुसऱ्यात फारसी ‘जमीन’.

याच्या उलटही घडते. ‘मोमीन’ आणि ‘मेमन’ हे कानाला वेगळे लागतात. दोन्ही अरबी ‘मुअमिन’पासून, म्हणजे ईमान ठेवणारा या शब्दापासून आले. पण कामठी, मालेगाव, भिवंडीचा मोमीन मागावर बसणारा, आणि मेमन कच्छ-काठेवाडातून आलेला व्यापारी. शब्दाचे मूळ एक, माणसांचे चरित्र दोन. कोकणात दलवाई आहेत आणि दळवीही आहेत. दोहोंच्या मुळाशी ‘दळ’ म्हणजे सैन्य, आणि दोहोंचा अर्थ सैन्याच्या तुकडीचा नायक. हमीद दलवाईंचे आडनाव अरबस्तानातून आलेले नाही. ते दख्खनच्या मातीतल्या हुद्द्याचे नाव आहे.

या हुद्द्यांच्या नावांत तर मोठी उलथापालथ आहे. चिटणीस, पारसनीस, वाकनीस, कारखानीस या नावांच्या शेवटचे ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. मिरासदार, पोतदार, सरनोबत ही नावेही फारसी दफ्तरातून उठून ब्राह्मण-मराठ्यांच्या दारावर लागली. आणि आपल्याकडचे मणियार? तो मण्यांचे काम करणारा मणिकार. तांबोळी म्हणजे तांबूल विकणारा तांबूलिक. पिंजारी कापूस पिंजणारा. म्हणजे ज्याला लोक परका म्हणतात त्या मुसलमानाच्या दारावर संस्कृतची पाटी, आणि ज्याला अस्सल म्हणतात त्याच्या दारावर फारसीची. हे पाहून कोणी लाजण्याचे कारण नाही आणि कोणी छाती फुगवण्याचेही नाही. एकाने मणी ओवले आणि दुसऱ्याने दफ्तर लिहिले, एवढेच आडनाव सांगते.

सर्वांत सुंदर उदाहरण ‘मुजुमदार’ या शब्दाचे आहे. मुजुमदार, मुजावर आणि मुजरा हे तीन शब्द एका ‘मुज’ने सुरू होतात. पण अरबीत ‘म’ हा पुढे जोडलेला असतो, मूळ त्याच्या मागे असते. मुजावराच्या मुळाशी शेजार आहे. जो दर्ग्याच्या शेजारी राहून सेवा करतो तो मुजावर. मुजऱ्याच्या मुळाशी चालू होणे, वाहणे आहे. मुजुमदार हा मजमूआदार, आणि त्याच्या मुळाशी गोळा करणे आहे. याच मुळातून जमा आला, जमाखर्च आला, जमादार आला, जुम्मा आला, जामा मशीद आली आणि आपली जमातही आली. शुक्रवारच्या जमातीत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस आणि पेशवाईत हिशेब तपासणारा मुजुमदार यांना बांधणारा हा धागा कानाला ऐकू येत नाही. तो शोधावा लागतो.

शोधण्याला नियम असतात. फारसी ‘हफ्ता’ आणि संस्कृत ‘सप्ताह’ यांचे नाते खरे आहे, कारण संस्कृत ‘स’च्या जागी इराणी भाषांत ‘ह’ नेमाने येतो. ‘सप्त’चा ‘हफ्त’ होतो, ‘सहस्र’चा भाऊ ‘हजार’ असतो, ‘सिंधू’चा ‘हिंदू’ होतो. एका शब्दात दिसले तो योगायोग असू शकतो, दहा शब्दांत दिसले तो नियम. याउलट फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ घ्या. आवाज जवळजवळ तोच, अर्थ तर अगदी तोच. तरी दोघांचे काही नाते नाही, असे भाषाशास्त्र सांगते. ज्याला हे एक उदाहरण पचले, तो पुन्हा केवळ कानावर विसंबून व्युत्पत्ती सांगणार नाही.

दुर्दैवाने मराठीत कानावर विसंबणारेच गाजले. पु. ना. ओक यांनी ताजमहालाचा ‘तेजोमहालय’ केला, व्हॅटिकनची ‘वाटिका’ केली आणि ख्रिश्चॅनिटीची ‘कृष्णनीती’. ताजमहालाविषयीची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. न्यायालयात जे टिकले नाही ते घराघरांत आणि आता मोबाइलवर टिकून आहे, कारण त्याला पुरावा लागत नाही, फक्त दोन सारखे आवाज लागतात. ओकांच्या लेखनाला आम्ही विनोद म्हणून सोडून देत नाही. शब्द आमचा म्हणून इमारत आमची, ही त्यातली चाल आहे. जो शब्दावरून इमारत मागतो, तो उद्या शब्दावरून माणसालाही जाब विचारतो.

ओकांना राजवाड्यांच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. वि. का. राजवाडे यांनी दफ्तरे पालथी घातली, जुनी रूपे गोळा केली. त्यांच्या संस्कृतप्रेमाशी आमचे मतभेद आहेत, त्यांच्या कष्टांशी नाहीत. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश आणि सावरकरांची भाषाशुद्धी यांविषयीही आमच्या लेखकांत रागच अधिक दिसतो. राग समजतो, पण एक गोष्ट विसरली जाते. ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ बसवणाऱ्याला तारीख कुठून आली हे ठाऊक असते. त्याने मुळाविषयी खोटे सांगितलेले नसते, त्याची निवड आपल्याला नापसंत असते, इतकेच. १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ देणारे माधव ज्युलियन पुढे भाषाशुद्धीचे पक्षपाती झाले, तरी त्यांचा कोश आज आपल्याच उपयोगी पडतो. शत्रू ओळखताना आपण एवढा विवेक ठेवला पाहिजे.

आता आपल्या घराकडे पाहू, कारण घरची केर काढल्याशिवाय शेजाऱ्याला अंगण दाखवू नये. आपल्याही मेळाव्यांत प्रत्येक शब्द अरबीतून काढण्याची हौस आहे. ‘हिंदू’ म्हणजे फारसीत चोर, असे टाळ्या घेत सांगणारे आम्ही ऐकले आहेत. सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत हा शब्द सिंधूकाठच्या प्रदेशाचे नाव म्हणून येतो. नंतरच्या फारसी कवितेत त्याला काळा, गुलाम, चोर असे लाक्षणिक अर्थ चिकटले. मागून चिकटलेला अर्थ हा उगम नसतो, आणि शेजाऱ्याचे नाव शिवीसारखे सांगणे ही तर तहजीबही नव्हे.

याहून नाजूक गोष्ट आडनावे बदलण्याची. पिंजाऱ्याला मन्सुरी म्हणवून घ्यावेसे वाटले, जुलाह्याला अन्सारी, खाटकाला कुरेशी. अपमान सोसलेल्या माणसाने सन्मानाचे नाव घेतले तर त्याला हसण्याचा हक्क कोणालाही नाही. कोणी काय म्हणवून घ्यावे, हा त्याचा अधिकार आहे. पण पुढच्या पिढीने ते नाव वंशावळ म्हणून वाचले, की घोटाळा होतो. मग कुरेशी म्हणतो, आम्ही मक्केच्या कबिल्याचे. शेख म्हणतो, आम्ही अरब. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. बार्शीत जन्मलेला हा माणूस आधी पटेल आणि मग शेख होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याचा आवाज महाराष्ट्राने आपला मानला. त्यांच्या ‘शेख’मधून अरबस्तान शोधणारा त्यांच्या गाण्यातला महाराष्ट्र ऐकणार नाही.

हे सारे पंडितांचे खेळ आहेत असे कोणाला वाटेल. तसे नाही, हे सांगायला विदर्भासारखा दुसरा प्रदेश नाही. पवनी-नागपूर भागातले हलबा कोष्टी स्वतःला हलबा जमातीचे मानतात. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा’ आहे, त्यात ‘हलबा कोष्टी’ धरता येणार नाही. यादी जशी आहे तशीच वाचायची. गोवारींची कथा तर रक्ताने लिहिलेली आहे. यादीत ‘गोंड गोवारी’ असे शब्द आहेत. ते आणि आम्ही एकच, या मागणीसाठी नागपूरला आलेल्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली, त्यांत बायका-मुले पुष्कळ. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका शब्दापुढे दुसरा शब्द आहे की नाही, त्यांच्यामध्ये स्वल्पविराम मानायचा की नाही, यावर पोरांचे शिक्षण आणि नोकऱ्या अवलंबून राहिल्या. कोणाची बाजू खरी हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. नाव सारखे असणे आणि समाज एक असणे, या दोन गोष्टींमधले अंतर माणसांना कुठवर फरपटत नेते, हे आम्हाला दाखवायचे आहे.

आपल्या समाजाचे दुखणे याच जातीचे आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या दाखल्यात जात ‘मुसलमान’ लिहिलेली असते, वडिलांच्या दाखल्यात आडनाव ‘शेख’ असते, आणि मुलगा सांगतो की आम्ही मणियार. कुठे मणेर, कुठे मण्यार, कुठे मणियार. कुठे नदाफ, कुठे पिंजारी. कारकून विचारतो, हे एक की वेगळे? मणेर, मण्यार आणि मणियार हे एकाच शब्दाचे उच्चार आहेत. नदाफ आणि पिंजारी हे दोन वेगळे शब्द आहेत, एक अरबी आणि एक देशी, पण काम एकच, कापूस पिंजण्याचे. हे कारकुनाला समजावून सांगणारे पान जर आपल्याच पुस्तिकांत नसेल, आणि त्याऐवजी आपण अरब कसे आहोत हे पान असेल, तर त्या पुस्तिकेने मुलाच्या विरुद्धच साक्ष दिली असे होते. प्रतिष्ठेसाठी सांगितलेली व्युत्पत्ती हक्काच्या वेळी गळ्यात पडते.

म्हणून असल्या लेखनाकडून आमच्या तीन अपेक्षा आहेत. शब्दाचे जुने लिहिलेले रूप दाखवा, मग ते शिलालेखातले असो, वक्फच्या कागदातले असो की शाळेच्या दाखलाखारिज रजिस्टरातले. आवाज कसा बदलला ते एका शब्दावर न सांगता त्याच तऱ्हेच्या आणखी शब्दांवर सांगा. आणि त्या गावात, त्या धंद्यात तो शब्द कोण वापरत होते ते सांगा. तिन्ही नसतील तर कथा म्हणून सांगा, आम्ही आवडीने ऐकू. पवनराजाला आम्ही परीस ठेवू देतो, पण गावाचा दाखला त्याच्या नावे काढू देत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट ही की आडनाव माणसाच्या रक्ताची साक्ष देत नाही. ते गावाची, हुद्द्याची, हाताच्या कामाची साक्ष देते. नागपुरात पौनीकर आडनावाची घरे आहेत. ते आडनाव राजाविषयी बोलत नाही, पिराविषयी बोलत नाही. कोणी एक वाडवडील वैनगंगेकाठच्या त्या गावाहून निघाला आणि नव्या जागी लोकांनी त्याला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारली, एवढेच ते सांगते. आपल्या मोहल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांना असेच विचारले पाहिजे. चाचा, तुमच्या वडिलांना लोक काय म्हणून हाक मारीत आणि त्यांच्या हातात कोणते काम होते? उत्तर आज लिहून घेतले पाहिजे, कारण ते कोणत्याही कोशात नाही आणि म्हातारे थांबणार नाहीत.